टेकवाडीच्या हवेची बारी

जी गोष्ट मोजली जात नाही ती समस्या नसते. ती सवय असते. टेकवाडीला धुराची अशी जुनी आणि सोज्ज्वळ सवय होती. थंडी पडली की शिवारात उसाचं पाचट पेटायचं, वेशीवर कचऱ्याचा ढीग धुमसायचा आणि हौशीराम दांगटांच्या गुऱ्हाळाचं धुराडं गावावर काळी सावली धरायचं (हीच सावली उन्हाळ्यात धरली असती तर गावावर उपकार झाले असते). चुलाणात चिपाडांसोबत टायरचे तुकडे आणि ओतूरच्या बाजारातून गोळा केलेल्या जुन्या चपला जात. एकही चप्पल वाया जात नसे. हौशीरामांची बायको सरूबाई पहाटे खोकायची, त्या आवाजाने शेजारच्या बाया उठून पाणी तापवायच्या, म्हणजे खोकलाही सत्कारणी लागत होता.

मग शुद्ध हवा ग्राम स्पर्धा आली आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक हवामीटर बसलं. हवेतला धूर मोजून लाल आकडे दाखवणारा डबा. महिनाभर ज्या गावाचा आकडा सर्वांत कमी, ते गाव पहिलं.

समितीचे अध्यक्ष म्हणून हौशीरामांचं नाव बिनविरोध आलं. त्यांची उभी हयात बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, गेली होती. तिथे ज्या बारीला सेकंद कमी ती पहिली, त्यामुळे कमी आकडा जिंकतो हे त्यांना समजवावं लागलं नाही. शिवाय त्यांना एक खोल तत्त्व ठाऊक होतं. घड्याळ चालतं ते फक्त घाटात. घाटाबाहेर बैल लोळला काय आणि गाडा उलटला काय, घड्याळाला देणंघेणं नसतं.

पहिल्या बैठकीला आरोग्य केंद्राच्या डॉक्टर उज्ज्वला मॅडम आल्या. त्यांनी सांगितलं, "हे धुरातले कण केसापेक्षाही कितीतरी बारीक असतात. नाकाला चुकवून ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. अंगावर धातू आणि टायरमधली रसायनं घेऊन जातात. तिथल्या पेशींना सूज येते. कचरा गिळून साफसफाई करणाऱ्या पेशी असतात, त्या हे कण गिळतात आणि स्वतःच मरतात."

"म्हंजी बिनपगारी सफाई कामगारच की वो," हौशीराम हळहळले.

"टायर आणि चपला जाळणं बंद करा. एवढंच."

समितीने यावर गांभीर्याने विचार केला. उपाय फारच सोपा असल्यामुळे तो सर्वांत शेवटी करायचा असं ठरलं, आणि मॅडमना शाल-श्रीफळ देऊन त्यांचं म्हणणं तिथेच संपवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी मीटरभोवती चुन्याच्या फक्कीने चौकोन आखला. हा घाट. घाटात बिडी ओढणे, मिरची तळणे, मोटरसायकल चालू ठेवणे व झाडू मारणे यांस मनाई झाली. खोकला आल्यास बाहेरच्या अंगाला तोंड करावे (यात घाटाबाहेरच्यांनी कुठे तोंड करावे याचा उल्लेख नव्हता). शर्यतींचा निवेदक सावळेराम रोज सकाळी देवळाच्या भोंग्यावर आकडा पुकारू लागला. आकडा उतरला की शर्यतीतली आरोळी, "भिर्रर्र!" आणि चढला की नुसतंच "हॅलो, माइक टेस्टिंग."

पण आकडा काही उतरेना. तेव्हा ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा घेऊन एक पिकअप डिंभ्याला गेला. धरणाच्या काठी पंपाने ट्यूबा भरल्या आणि ती निर्मळ हवा आणून मीटरच्या तोंडावर सोडली. रबराचा थोडा वास येत होता, पण धरणाची हवा म्हटल्यावर सगळ्यांनी नाकं फुलवली. आकडा मात्र दुप्पट झाला, कारण ट्यूबा उतरेपर्यंत पिकअप शेजारीच धूर ओकत उभा होता.

शेवटी हौशीरामांनी त्याग केला. धुराड्याला वर एल्बोचा वाकडा पाइप बसवला आणि त्याचं तोंड ग्रामपंचायतीकडून फिरवून थेट स्वतःच्या घराकडे केलं. गावासाठी माणूस यापेक्षा काय करणार? आकडा धाडकन खाली आला. सावळेरामचा "भिर्रर्र" दुपारपर्यंत थांबला नाही.

घरात सरूबाईला मात्र धाप लागली. दोन दिवस तिने पदर नाकाशी धरून भाकरी थापल्या. तिसऱ्या दिवशी तिने बाज डोक्यावर घेतली, भर गावातून चालत आली आणि मीटरशेजारी, चुन्याच्या चौकोनात बाज टाकून आडवी झाली.

"अगं, ह्यो घाट हाय!" हौशीराम ओरडले.

"म्हनूनच आले. आख्ख्या गावात हवा राखलीया ती या डब्यासाठी. मी न्हाई हलायची."

"लोकं काय म्हंतील?"

"लोकं बोलत्यात, मला श्वास घ्यायचाय."

हौशीरामांचा बायकोवर लई जीव होता, आणि त्या क्षणी त्यांना खरोखर लाज वाटली. पण स्पर्धेचे चारच दिवस उरले होते. समितीने सरूबाईला मीटरची राखणदार म्हणून मान्यता दिली, त्यामुळे अतिक्रमणाचा प्रश्न मिटला. चार दिवसांत तिचा खोकला निम्म्याने कमी झाला. ही आकडेवारी स्पर्धेत धरण्यात आली नाही.

टेकवाडी पहिली आली. ढाल मिळाली, फटाक्यांची माळ वेशीपासून देवळापर्यंत लागली, आणि मीटर गाडीत घालून पुढच्या स्पर्धेसाठी दुसऱ्या तालुक्याला गेलं. सरूबाई जागची हलली नाही.

आता धुराड्याचं तोंड कुठे करायचं हा पेच हौशीरामांना पडला. पंचायतीकडे करावं तर तिथे सरूबाई. घराकडेच ठेवावं तर ती परत येणार नाही आणि ओट्यावरून भाकरी मिळणार नाही. टायर बंद करावेत हा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला, पण तो शेवटचा उपाय होता आणि अजून एक दिशा शिल्लक होती. त्यांनी धुराडं रस्त्याकडे फिरवलं, कारण रस्ता कुणाच्याच घरचा नसतो. सरूबाई बाज घेऊन घरी आली.

त्याच रस्त्याला हौशीरामांचा गुळाचा स्टॉल आहे. गेल्या थंडीत शनिवारी तुम्ही सहकुटुंब तिथे थांबला होतात, आठवतं? मुलांना गाडीतून उतरवलंत, हात पसरून डोळे मिटलेत आणि म्हणालात, "बघा, याला म्हणतात गावची हवा! घ्या, खोल श्वास घ्या सगळ्यांनी."

सरूबाई स्टॉलच्या दारातून बघत होती. तिला राहवलं नाही. "अवं, सांगा की त्यास्नी," ती म्हणाली.

हौशीरामांनी तुमच्यासाठी गूळ कागदात बांधला. "कशाला? त्यांच्यापाशी मीटर थोडंच हाय?"