धुरीकाकांचा रिकामा टँक

आमच्या मजल्यावरच्या धुरीकाकांच्या हॉलमध्ये चांगला लांबलचक काचेचा टँक आहे आणि त्यात एकही मासा दिसत नाही. पाणी स्वच्छ, वर दिवा, खाली वाळू, दगड, एक वाकडं लाकूड आणि प्लंबरकडून आणलेले पाइपचे तुकडे. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत नवीन आलेला प्रत्येक जण एकदा तरी विचारतो, मासे अजून आणायचेत का? काका सांगतात, "आहेत की. घरातच आहेत. बस जरा."

मग त्याला टँकसमोर स्टुलावर बसवलं जातं. बोलायचं नाही, काचेवर टकटक करायची नाही, मोबाइल खिशात. कुणी चुळबुळ केली की काका मालवणीत विचारतात, "घाई कित्याक?" नशीब असेल तर थोड्या वेळाने वाळूतून दोन डोळे वर येतात, नाहीतर पाइपमधून नुसत्या मिशा. बऱ्याच जणांचं नशीब नसतं. ते कोकम सरबत पिऊन निघतात आणि खाली जाऊन सांगतात, म्हातारा पाणी पाळतो.

काका पाळतात ते तळाला राहणारे मासे. त्यातले लाडके म्हणजे लोच, लांबडे, पट्ट्यापट्ट्यांचे, तोंडाला बारीक मिशा असलेले. काही तर दिवसचे दिवस वाळूत गाडून घेतात. वर वर पोहणारे रंगीत मासे त्यांना चालत नाहीत. ते म्हणे शायनिंग मारणारे लोक, दारात कोण आलं की लगेच पुढे. सोसायटीतल्या माणसांचीही काकांनी हीच विभागणी केली आहे. सेक्रेटरी वरचे. वॉचमन तळाचा. मी कुठला, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

या माशांच्या मिशा नाजूक असतात, वाळू बोचता कामा नये. म्हणून काका दुकानातून आणलेली वाळू खाली आवारात बसून पिठाच्या चाळणीने चाळतात. सेक्रेटरींनी एकदा हरकत घेतली, तेव्हा काकांनी चिमूटभर वाळू त्यांच्या हातावर ठेवली आणि गालाला लावून बघा म्हणाले. सेक्रेटरींनी खरंच लावून बघितली. त्यानंतर हरकत आली नाही. काकडीचंही तसंच. माशांना काकडी आवडते, म्हणून भाजीवाल्याच्या गाडीपाशी काका प्रत्येक काकडीचं टोक चाखणार आणि कडू लागली की परत ठेवणार. "माझ्याकडे कडू चालत नाही," असं ते सांगतात. घरात पथ्याचं माणूस असावं, अशी त्या बिचाऱ्या भाजीवाल्याची समजूत आहे.

एकदा गणपतीत शेजारच्या कर्वेवहिनी प्रसादाला आल्या आणि टँककडे बघून ओरडल्याच. तळाशी एक मासा आडवा पडला होता, पार कुशीवर. वहिनी हळहळल्या, सणाच्या दिवशी हे काय झालं म्हणाल्या. काका शांतपणे म्हणाले, "झोपलाय तो. तुम्ही झोपता तेव्हा मी येऊन ओरडतो का?" लोचांची झोपायची पद्धतच तशी. पण वहिनींनी मोदक हातातच धरून ठेवला आणि मासा उठून पाइपमध्ये गेल्यावरच खाल्ला.

काका औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. लग्न केलं नाही. थोरला भाऊ, अण्णा, तोही अविवाहित. दोघं मिळून राहायचे. अण्णांना टँकचा भयंकर राग. पंपाच्या घरघरीवरून दोघांची रोज वादावादी चालायची, ती आम्हाला भिंतीतून ऐकू यायची. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. वादावादी थांबली. घरघर तेवढी राहिली.

गेल्या वर्षी माझ्या बाबांना अर्धांगाचा झटका आला. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे आणि सोसायटीच्या प्रत्येक सभेत तासभर बोलायचे. झटक्यातून वाचले, काठी घेऊन चालायलाही लागले, पण उजवा हात लुळा पडला आणि शब्द अडकू लागले. पाण्याला पेन म्हणायचे आणि ते आपलं आपल्यालाच कळून गप्प व्हायचे. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. कोणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. डॉक्टर सांगायचे, माणसांत न्या. आम्ही सगळं करून बघितलं, रागावून, विनवून. बाबा उंबरा ओलांडेनात.

यंदा मे महिन्यात एके सकाळी सोसायटीची विजेची केबल जळली. मी घरूनच काम करत होतो, लॅपटॉप बंद पडला आणि मी घामाने निथळत बसलो होतो. तेवढ्यात धुरीकाका दारात. माझ्याकडे न बघता ते थेट आतल्या खोलीशी गेले आणि बाहेरूनच बोलले, "सर, पंप बंद पडलाय. पाण्यातली हवा संपत आली. मगने पाणी उंचावरून ओतत राहायला लागेल. मी एकटा दमलो. डाव्या हाताने जमेल तुम्हाला."

मी उठून म्हणालो, मी येतो ना. काकांनी मला हातानेच बसवलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग कडी वाजली आणि बाबा काठी टेकत माझ्यासमोरून बाहेर गेले. बनियनवरच.

मी मागोमाग गेलो. बाबा स्टुलावर बसले होते, डाव्या हातात मग. मग बुडवायचा, वर न्यायचा, ओतायचा. सुरुवातीला निम्मं पाणी लादीवर गेलं. काका ते पुसत होते. मला त्यांनी फडकं पिळायला ठेवलं होतं. दुपारी दोघांनी आळीपाळीने जेवून घेतलं. हवा कमी झाली तशी एरवी लपणारी मंडळी एकेक करून वर यायला लागली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो टँक मला माशांनी भरलेला दिसला. बाबा त्यांच्याकडे टक लावून बघत होते. हात थांबत नव्हता. संध्याकाळी दिवे आले, पंप घरघरला, तेव्हा कुठे बाबांनी मग खाली ठेवला. सगळे मासे जगले होते. बाबांनी काकांकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या… येतो." शब्द बरोबर होता.

तेव्हापासून बाबा रोज चहा झाला की तिकडे जातात. त्यांना कोणी काही विचारत नाही. सुरुवातीला दोघं नुसतेच बसायचे. आता एखाददुसरा शब्द भिंतीतून ऐकू येतो.

मागच्या आठवड्यात मी बाबांना जेवायला बोलवायला गेलो. काकांनी मला टँकखालच्या कपाटातून माशांचं खाणं काढायला सांगितलं. खाण्याच्या डब्यामागे बॅटरीवरचा हवेचा पंप होता. मी सहज बटण दाबलं. तो सुरू झाला.

मी काकांना स्वयंपाकघरात गाठलं. ते काकडी सोलत होते. हा पंप त्या दिवशीही घरात होता का, असं मी विचारलं.

"होता," काका म्हणाले. "माझं लक्ष होतं. वेळ आली असती तर लावला असता." मग सुरी खाली ठेवून हळूच म्हणाले, "सरांना बोलू नकोस. आणि सगळं काय त्यांच्यासाठी केलं नाही रे. अण्णा गेल्यापासून या घरात दिवसभर असं कोणी बसलं नव्हतं."

तेवढ्यात हॉलमधून बाबांची हाक आली. इतकी वर्षं धुरीकाकांना अहोजाहो करणारे बाबा, एकेक शब्द शोधत म्हणत होते, "धुरी… ये… लवकर. वाळू… हलतेय."

काका तसेच ओल्या हातांनी धावले.