नानांचा नाका

भांडारात कुणाच्या टोपलीत काय आहे हे बघितल्याशिवाय नानांना पुढे सरकताच येत नसे. नुसतं बघणं नाही हो. छत्रीचं टोक सरळ टोपलीत घालायचं, वरचा साबण बाजूला सारायचा, खालची पुडी वर आणायची आणि मान तिरकी करून अहिराणीत विचारायचं, "माल काय शे?" तुम्ही उत्तर द्या, नका देऊ. त्यांचं बघून झालं की उजवा हात बाजूला झटकून म्हणायचे, "हां, सोडा गाडी!" मग तुमची सुटका.

ही खोड कुठून आली ते सांगते. नाना मूळचे दोंडाईचाकडचे, पण राहायला आमच्या पिंप्राळ्यात, आणि सगळी नोकरी जळगावच्या जकात नाक्यावर. उभा जन्म ट्रक थांबवण्यात आणि ताडपत्र्या उचकण्यात गेला. रिटायर झाले, हार घालून घेतले, घरी आले, पण नाका काही अंगातून जाईना. छत्रीही त्यासाठीच. ऊन असो नसो, बगलेत छत्री हवीच, कारण कुठल्या पोत्याला कधी टोचायला लागेल याचा नेम नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी ग्राहक भांडार निघालं. आपल्या हाताने माल घ्या, टोपलीत टाका, दाराशी हिशोब करा. आम्हाला हे सगळंच नवं. तोवर किराणा म्हणजे शेठच्या दुकानात स्टुलावर बसायचं, "तूरडाळ चांगली द्या हो शेठ" म्हणायचं, आणि शेठने "ताई, तुम्हाला कधी वाईट दिलीय का?" म्हणायचं. इथे तूरडाळ आपली गप्प पिशवीत बसलेली. पहिले काही दिवस लोक चपला बाहेर काढून आत जात आणि कुणीतरी "काय देऊ?" विचारेल म्हणून हात बांधून उभे राहत. खेड्यावरून आलेल्या एक आजी तर छापील किमतीशीच भांडत होत्या. किंमत काही खाली येईना, आणि आजीही मागे हटेनात.

नानांना मात्र स्वर्ग सापडला. उघडी टोपली! ताडपत्री नाही, दोरखंड नाही, ड्रायव्हरची आरडाओरड नाही. संध्याकाळी पाच वाजले की स्वारी मिठाच्या पोत्यांजवळ उभी.

आणि माणूस हुशार, हे मान्य करायला हवं. टोपली बघून घर सांगायचे. कुणी एकाच वेळी दोन तऱ्हेचा चहा घेतला की माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "सासू-सुनेचं बोलणं बंद शे." एखादा पुरुष तयार लोणचं, तयार पापड आणि पावाची लादी घेऊन निघाला की, "बायको माहेरी. चार दिवसात वाळेल बिचारा." बहुतेक वेळा खरंच निघायचं. कधी मात्र असं काही फसायचं की विचारू नका. कॉलनीतले एक बँकेतले साहेब डिंक, खारीक आणि अळीव घेऊन चालले होते. नानांनी त्यांना भर दुकानात मिठी मारली. "अभिनंदन! आजोबा झालात!" साहेबांची एकुलती एक मुलगी तेव्हा बारावीत. डिंक साहेबांच्या कंबरेसाठी होता. लोक हसले, साहेब लालबुंद, आणि नाना शांतपणे म्हणतात, "माल बरोबर होता. कागदपत्रं चुकली."

मला या माणसाचा राग यायचा, सरळ सांगते. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. आठ तास कानाला यंत्र लावून घरी जाताना दोन वस्तू घ्याव्यात तर हे छत्री घेऊन हजर. एकदा मी तडकलेच. "नाना, लोकांच्या घरात डोकावायची लाज नाही वाटत?"

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही दिवसभर लोकांचं ऐकता. मी थोडं बघतो. आपली खाती वेगळी."

मी टोपली पुढे केली.

पण त्या वर्षी उन्हाळा लागला तशी नानांची तऱ्हा बदलली. आधी पाहून ऐट मिरवायचे, आता पाहून प्रश्न विचारायला लागले. आणि तेही सगळ्यांना नाही. ज्या बायकांच्या टोपलीत रवा, गूळ, चणाडाळ असायची, नेमका त्यांचाच पाठलाग. "रवा बारीक का जाड?" "एवढा गूळ? हाई बठ्ठं लागस का? सगळं?" "खोबरेल कुणासाठी, मोठीसाठी की धाकटीसाठी?" बायका वैतागल्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, पाठीवर घाम, आणि हा म्हातारा खोबरेलाची चौकशी करतोय.

शेवटी भडका उडालाच. आमच्या गल्लीत भालेराव सिस्टर राहायच्या, सिव्हिल हॉस्पिटलात नर्स. नाइट करून, दिवसभर घरचं आवरून, संध्याकाळी सामानाला आलेल्या. नानांनी त्यांच्या टोपलीत छत्री घातली आणि रव्याची पुडी फुटली. रवा भर फरशीवर. सिस्टर अशा ओरडल्या की बाहेरचे रिक्षावालेही आत डोकावले.

"हा जकात नाका आहे का? रोजची कटकट झालीय या माणसाची! चौधरी, एक तर हे आत येतील नाही तर आम्ही!"

चौधरी भांडाराचे व्यवस्थापक. भिडस्त माणूस, पण तेही कंटाळले होते. म्हणाले, "नाना, आता पुरे. उद्यापासून तुम्ही बाहेर बाकावर बसा. काय हवं ते सांगा, माणूस आणून देईल."

मला वाटलं, नाना आता काहीतरी तिरकस बोलतील. कसलं काय. छत्री घट्ट धरून उभे राहिले. चेहरा एकदम उतरला. म्हणाले, "बाहेर बसून कसं समजेल, साहेब? आखाजीपर्यंत येऊ द्या. नंतर नाही येत. शप्पथ."

"आखाजीचं काय आहे एवढं?" मीच विचारलं, जरा रागातच.

नाना माझ्याकडे न बघता सांडलेल्या रव्याकडे बघून बोलायला लागले.

"पोर आणायची होती. कुसुम. पिंपळनेरला दिलीय." छत्रीच्या टोकाने रवा जरा बाजूला सारला. "तिची आई गेली, त्यानंतरच्या आखाजीला आली होती. मी हॉटेलातून शेवभाजी आणून ठेवली. मला वाटलं, केली आपण सोय. तिने डबे उघडले. बठ्ठे रिकामे. पोरीने पदर खोचला. गहू निवडले, डबे घासले, मसाला कुटला, मला पुरतील एवढे पापड लाटले. झोक्यावर बसलीच नाही. जाताना मलाच म्हणते, नाना, वेळेवर जेवत जा." ते थांबले. "माहेरी जेवायला आली होती ना ती? नंतर आलीच नाही. पत्र येतं. पोरांचे पेपर, सासूचे गुडघे. मी समजतो."

चौधरी उगाच पावत्या सरळ करत होते.

"अख्ख्या जळगावात काय माल येतो ते मला तोंडपाठ होतं," नाना म्हणाले. "माझ्या घरात काय येतं, ते कधी बघितलं नाही. तिची आई आणायची, मी जेवायचो. आता ज्यांच्या घरी लेक येणार त्यांच्या टोपल्या बघतो. लेक येणार म्हणून घरात काय काय भरतात, तेवढं कळलं म्हणजे झालं."

आखाजी म्हणजे आमच्या खान्देशात सासुरवाशिणींची दिवाळी. वर्षभर राबलेल्या पोरी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, कुणाचं ऐकत नाहीत. मी धुळ्याची. माझी आई गेल्यापासून आखाजीला मी एक्सचेंजमध्ये ड्युटी मागून घ्यायचे, म्हणजे का गेली नाहीस असं कुणी विचारायला नको. नानांचं ऐकून खरं तर मीच आधी पुढे व्हायला हवं होतं.

पण पहिल्या हलल्या त्या भालेराव सिस्टर. त्यांनी एक रिकामी टोपली उचलली, नानांच्या छातीवर आपटली आणि म्हणाल्या, "आधी विचारायचं ना नीट! छत्री कसली खुपसता? धरा!"

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. सिस्टरनी बारीक रवा टाकला, मी तो काढून जाड टाकला, कारण धुळ्याकडे सांजोरीला जाडच लागतो. त्यांनी माझा काढला. आणखी दोघी-तिघी मधे पडल्या. गूळ पिवळा की काळा यावर असा वाद पेटला की चौधरींनी दोन्ही आणून ठेवले. कुणी वेलची टाकली, कुणी वासाचं तेल, कुणी पावडरचा डबा. नाना टोपली धरून नुसते इकडून तिकडे बघत होते. जन्मात पहिल्यांदा त्यांचीच गाडी अडवली होती आणि सगळा नाका त्यांच्यावर तुटून पडला होता.

"पण तिला आवडतं काय, नाना?" मी विचारलं.

नानांनी पंख्याकडे बघितलं. जरा ओशाळून म्हणाले, "झोका. झोक्याचा दोर मीच बांधायचो. तिची आई म्हणायची, दोर तेवढा तुम्ही बघा. तेवढं येतं मला."

"मग तो बांधा," सिस्टर म्हणाल्या, "आणि आणखी एक ऐका. हा रवा-गूळ ठीक आहे, पण माहेरी गेल्यावर बाईला खरं काय हवं असतं माहितीय? सकाळी कुणी उठवू नये. बस."

नानांनी मान हलवली. टोपलीकडे पुन्हा एकदा बघितलं, जणू तीही वस्तू आत ठेवता येते का ते पाहत होते.

पुढचा आठवडाभर नाना आमच्या स्वयंपाकघरात. पुरण मी पाठवते म्हटलं तर ऐकेनात. "शिकवा, ताई. आयता माल नको." त्यांच्या सांजोऱ्या एकीला दुसरी जुळत नव्हती. काही तर तळताना उघडल्या आणि सगळं सारण तेलात. आमच्या ह्यांनी त्या काळ्या सांजोऱ्या तीन दिवस खाल्ल्या आणि एक शब्द काढला नाही, हे मात्र मी त्यांच्या नावावर मांडून ठेवलंय.

आखाजीच्या आधी लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. भाऊ नसल्याने नाना स्वतःच मुराळी झाले. धुतलेलं धोतर, कडक टोपी, एका हातात सांजोऱ्यांचा डबा, दुसऱ्यात छत्री. धुळ्यावरून पिंपळनेरची एसटी. जाताना भांडारात येऊन चौधरींना सांगून गेले, जसे काही रजेचा अर्जच देत होते.

ते गेले आणि भांडार ओकंबोकं झालं. कुणी टोपलीत टोचेना, त्यामुळे खरेदीला मजा नाही. सिस्टर येता-जाता विचारायच्या, "आली का हो?" मी म्हणायचे, "मला काय माहीत?" सासूने पाठवलं नाही तर? तिचीच इच्छा नसली तर? या वयात हात हलवत परत येणारा म्हातारा मला डोळ्यांपुढे दिसायला लागला. आखाजीच्या दिवशी मी ड्युटीवर होते, आणि रात्री नानांच्या घराकडे जायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी फिनाईल घ्यायला भांडारात गेले, तर नाना आत शिरले. मान खाली, छत्री बगलेत. माझ्या शेजारून गेले, माझ्या टोपलीकडे ढुंकूनही बघितलं नाही. सिस्टरही तिथेच होत्या, त्यांच्याही नाही. त्यांच्या टोपलीत होती फक्त भांडी घासायची पावडर आणि तारेची घासणी. एकट्या माणसाची टोपली. नानांनीच शिकवलं होतं ना वाचायला.

मला राहवेना. मी पुढे झाले आणि जमेल तेवढ्या थट्टेने विचारलं, "नाना, माल काय शे?"

त्यांनी पटकन ओठांवर बोट ठेवलं. "हळू, ताई."

"कुसुम आली नाही?"

"उनी ना!" ते कुजबुजले. "परवाच उनी. काल दिवसभर झोक्यावर होती. सांजोऱ्यांना हसली, पण चार खाल्ल्या." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बारा वाजायला आले होते. नानांचा चेहरा असा फुलला की मी तो कधी विसरणार नाही. "झोपेल शे. अजून उठली नाही. रात्रीची बठ्ठी भांडी तशीच पडलीत. ती उठायच्या आत घासतो. मागच्या नळावर नेतो, आवाज नको."

पलीकडून चौधरींनी मोठ्याने विचारलं, "नाना, पावती करू का?" नानांनी त्यांनाही हाताने दटावलं. घर चार गल्ल्या लांब होतं.

माझी आई मी माहेरी गेले की बांगड्या कोपराकडे सरकवून कामं करायची, मला जाग येऊ नये म्हणून. किती वर्षांनी ते आठवलं आणि मला भांडारात, फिनाईलच्या बाटल्यांसमोर, रडूच आलं. नानांनी ते बघितलं. काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "ताई, संध्याकाळी या. झोका पाच दिवस ठेवणार आहे. दोर पक्का शे."

मी मान डोलावली. मग डोळे पुसले, उजवा हात बाजूला झटकला आणि म्हटलं, "सोडा गाडी."

पण हळूच म्हटलं. पोर झोपली होती.