आडवी जाणारी मावशी

एका जंगलात एक वाघ होता. कोणतं जंगल ते विचारू नका, बाळांनो. मग नकाशा काढा म्हणाल आणि गोष्ट राहील बाजूला.

तर या वाघाची शिकार सारखी हुकायची. आता राजाची शिकार हुकली, तर चूक राजाची कशी असेल? प्रधान कोल्हेपंतांनी कारण शोधून काढलं. म्हणे, मांजर आडवं जातं.

मांजर म्हणजे महाराजांची सख्खी मावशी. तरी दरबार भरला आणि मावशीला जंगलाबाहेर हाकलायचं ठरलं. मावशी रडकुंडीला आली. "या वयात मी कुठं जाऊ रे? गावात कुत्री आहेत."

तेवढ्यात साळिंदर गुरुजी उठले. गुरुजी उठले की दरबार जांभया द्यायचा. पण त्यांनी सगळ्यांना ओढत स्वतःच्या बिळापाशी नेलं. तिथं चार खड्डे होते, दोन वर, दोन खाली. वरचे, मावशी आडवी गेली त्या दिवसांचे. खालचे, नाही गेली त्या दिवसांचे. शिकार हुकली की डावीकडच्या खड्ड्यात बोराची एक बी, साधली की उजवीकडच्या.

कोल्हेपंतांनी वरचा डावा खड्डा पाहिला. "पंधरा बिया. मावशी आडवी गेली आणि शिकार हुकली, पंधरा वेळा. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"शेजारी बघा की," गुरुजी म्हणाले. "आडवी जाऊनही साधली, पाच वेळा. म्हणजे चारातल्या तीन वेळा हुकली. आता खाली बघा. आडवी गेलीच नाही, तेव्हा हुकली तीस वेळा, साधली दहा वेळा. इथंही चारातल्या तीन वेळा हुकलीच. मावशीचा आणि शिकारीचा काडीचा संबंध नाही."

मावशीनं डोळे पुसले. सगळ्यांना फार बरं वाटलं. मग हळूहळू एकेकाच्या डोक्यात उजेड पडला आणि सगळे महाराजांकडे बघायला लागले. महाराज आपल्या पंजांकडे बघायला लागले.

"म्हणजे मावशी घरी बसली तरी माझी शिकार हुकते?"

"चारातल्या तीन वेळा," गुरुजी म्हणाले. कुठं थांबायचं ते गुरुजींना कधी कळलंच नाही.

त्याच संध्याकाळी गुरुजींना जंगलाबाहेर काढलं. तीन खड्डे बुजवले. वरचा डावा तेवढा ठेवलाय, पाहुण्यांना दाखवायला. आणि मावशीला चक्क सरकारी नोकरी लागली. महाराज निघाले की आडवं जायचं, बस्स.

"वेळेवर येत जा गं मावशी," महाराज परवाच तिला रागावले. "काल तू उशिरा आलीस, आणि माझी शिकार विनाकारण हुकली."

तात्पर्य: मोजायला हरकत नाही, बाळांनो. फक्त राजाला आवडणारा खड्डा आला की मोजणं थांबवावं.