मीटरपुढच्या बाटलीबाबत

बिल आलं ते चौदा लाख अडतीस हजार पेसोंचं, आणि ज्या घराचं ते होतं त्या घरात महिनाभर माणूसच राहत नव्हता. जुन्या घरमालकानं पाकीट आणून ओदालिसच्या हातात दिलं. दुसऱ्याचं टपाल चोरून वाचणं ओदालिसला पटत नसे, म्हणून तिनं ते उघडून मोठ्यानं वाचलं. पुढच्या खोलीत तिचं केस सरळ करून देण्याचं दुकान होतं. त्यामुळे नेमेसियो अर्रिएता सरांना बिलाची बातमी कळली तेव्हा ती तीन गिऱ्हाइकांना आधीच कळलेली होती.

"भावजी," ओदालिस म्हणाली, "रिकाम्या घराला एवढी वीज लागते, तर तुम्ही इथे राहायला आल्यापासून मला किती लागणार, तेवढं सांगून ठेवा."

नेमेसियो सर ओदालिसच्या थोरल्या बहिणीचे, दिग्नाचे नवरे. कोलंबियातल्या बार्रान्किया शहरातल्या एका सरकारी शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते. जगातल्या कुठल्याही गोष्टीचं कारण ते सांगू शकत. आपण कारण सांगू लागलो की समोरच्याला एकदम काम का आठवतं, याचं कारण तेवढं त्यांना अजून सापडलेलं नव्हतं.

जुन्या घरमालकाला मुलीच्या लग्नासाठी घर हवं होतं, म्हणून सरांनी ते सोडलं. नवं घर ठरलं होतं एमिलसेबाई नावाच्या विधवेचं. मधल्या काळात नवरा-बायको ओदालिसच्या मागच्या खोलीत, केसांच्या रंगाच्या खोक्यांमध्ये झोपत होते. खोलीत पंखा होता. तो चालू केला की भिंतीपलीकडून आवाज येई, "भावजी, वारा पुरला का?" बार्रान्कियाच्या उकाड्यात या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं, आणि ते पाहुण्याला देता येण्यासारखं नव्हतं.

एमिलसेबाईंची अट साधी होती. जुन्या घराच्या विजेची काही बाकी नाही, असा कंपनीचा बेबाकीचा दाखला शुक्रवारी दुपारी बारापर्यंत दाखवायचा. नाहीतर एक दंतवैद्य दोनदा घर बघून गेला होता, आणि दुसऱ्या वेळी तो पडद्यांची मापंही घेऊन गेला होता.

आज बुधवार होता.

"बाटली काढून आणली ना मी," दिग्ना शांतपणे म्हणाली. "म्हणून आलं हे बिल."

"दिग्ना, कृपा कर."

"तीन वर्षं बाटली होती, तीन वर्षं बिल कमी आलं. बाटली काढली, बिल वाढलं. याला तुझ्या विज्ञानात काय म्हणतात ते तू बघ."

या बाटलीचा इतिहास थोडक्यात असा. मीटरजवळ पाण्यानं भरलेली बाटली ठेवली की बिल कमी येतं, हे बार्रान्कियात सगळ्यांना माहीत आहे. का येतं ते कोणालाच माहीत नाही, पण बाटली ठेवायला त्याची गरज पडत नाही. दिग्नानं मीटरच्या कोनाड्यात एक मोठी बाटली उभी केली होती. ती कोणी पळवू नये म्हणून कोनाड्याच्या जाळीला कुलूपही लावलं होतं. बिल खरोखरच कमी येऊ लागलं. नेमेसियो सरांचं म्हणणं, ते त्यांच्या शिस्तीमुळे: ते दिवे घालवत, फ्रिजचं दार मोजून उघडत आणि पाहुण्यांसमोर पंखा एकवर ठेवत. असा हा वाद तीन वर्षं चालला आणि दोन्ही बाजू दरमहा जिंकत राहिल्या.

सरांनी तीन पानी अर्ज लिहिला. पहिल्या पानावर वीज म्हणजे काय ते होतं. दुसऱ्या पानावर रिकामं घर ती का वापरू शकत नाही ते होतं. तिसऱ्या पानावर आकृती होती.

वीज कंपनीच्या कचेरीत गारेगार हवा होती. लोक तिथे तक्रार घेऊन येत आणि नंबर लवकर लागला तर हळहळत. सरांचा नंबर चार नंबरच्या खिडकीवर लागला. तिथे युरानिस नावाची तिशीतली बाई बसली होती. तिनं तिन्ही पानं वाचली. आकृतीपाशी ती जरा जास्त वेळ थांबली.

"सर, तुमचं म्हणणं बरोबर आहे," ती म्हणाली. "रिकामं घर वीज खात नाही. ही वीज तुम्ही राहत होता तेव्हाची आहे."

"तेव्हाची बिलं मी भरली आहेत! सगळ्या पावत्या आहेत!"

"ती अंदाजाची बिलं होती. आमचा माणूस दर महिन्याला यायचा. जाळीला कुलूप आणि आकड्यांपुढे बाटली. दिसणार काय त्याला? तो 'अडथळा' लिहायचा आणि आम्ही सरासरी लावायचो. गेल्या महिन्यात बाटली नव्हती, म्हणून आकडा दिसला."

बिल कमी येत होतं ते आपल्या शिस्तीमुळे नव्हतं, हे सरांना पहिल्यांदाच कळत होतं. ते बाटलीमुळेच होतं, हेही कळत होतं, आणि ते जास्त झोंबत होतं.

अशा वेळी शहाणा माणूस हप्ते किती ते विचारतो. सरांनी मान ताठ केली.

"मला हा आकडाच मान्य नाही. तुमच्या माणसानं चुकीचा वाचला असणार. निरीक्षक पाठवा. प्रत्यक्ष मोजणी झाली पाहिजे. विज्ञानात निरीक्षणाशिवाय काही नसतं."

"सर, पाठवू नये असं माझं मत आहे."

"मत नको, निरीक्षण हवं."

कंपनीचा निरीक्षक एरवी सहा-सहा आठवडे येत नाही. सरांच्या अर्जावर तो गुरुवारी सकाळीच आला. मीटर उत्तम चालू होता. आधीच्या माणसानं खरोखरच आकडा चुकीचा वाचला होता, तो तीनशे युनिटांनी कमी. शिवाय निरीक्षक निरीक्षण करण्यासाठीच आला असल्यामुळे त्यानं कुलपाची खूण पाहिली, कोनाड्यातला बाटलीच्या बुडाचा गोल डाग पाहिला, आणि लिहिलं, 'मीटर दिसू नये म्हणून हेतुपुरस्सर केलेला अडथळा. दंडास पात्र.'

म्हणजे बुधवारी सर नुसते कर्जदार होते. गुरुवारी ते स्वतःच्या अर्जावरून वीजचोर झाले.

"माझ्या घरात वीजचोर!" ओदालिस एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून म्हणाली. "आणि मी पंख्याचं विचारते तर ताईला राग येतो."

शुक्रवारी सकाळी दिग्ना बरोबर निघाली. "आज तू बोलायचं नाहीस," ती म्हणाली. "तू बोललास की तीनशे युनिटं वाढतात."

कचेरीत गर्दी होती. युरानिसनं निरीक्षकाचा कागद वाचला आणि उसासा टाकला.

"मी म्हटलं होतं, सर."

"बाई," दिग्ना खिडकीत वाकून म्हणाली, "बारापर्यंत दाखला नाही मिळाला तर आमचं घर जातं. बहिणीकडे राहतोय आम्ही. तुम्हाला बहीण आहे?"

"दोन आहेत," युरानिस म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम माणसाचा झाला. तिनं खुर्ची पुढे ओढली. "हे बघा. मुद्दाम आकडा लपवला असेल तर दंड, आणि पूर्ण रक्कम. पण बाटलीनं बिल कमी होतं अशा भाबड्या समजुतीनं ठेवली असेल, तर ती लबाडी होत नाही. मग चूक आमची, की तीन वर्षं आम्ही दार का वाजवलं नाही. अशा वेळी पाच महिन्यांच्या मागचं आम्हाला मागता येत नाही. पाच महिन्यांचं तुमच्या अनामत रकमेतून वळतं होईल, आणि दाखला आत्ता देते. फक्त तसं लिहून सही करून द्यायचं."

"देते की!" दिग्नानं पेन उचललं. "माझीच तर बाटली."

"जोडणी सरांच्या नावावर आहे. सही सरांची लागेल."

नेमेसियो सरांनी आधी खिडकीकडे, मग बायकोकडे पाहिलं.

"मी? मी एकतीस वर्षं मुलांना शिकवलं, की..."

"काय शिकवलंस ते मला माहितेय."

"दिग्ना, माणसाला काही तत्त्वं असतात."

"असू देत. तत्त्वं आणि तू ओदालिसकडे राहा. मी विधवेकडे चालले. मागच्या दारी आंब्याचं झाड आहे तिथे."

सरांनी खाली बसून, वर्गात फळ्यावर लिहीत तशा सुरेख अक्षरात लिहिलं: 'मी, नेमेसियो अर्रिएता, निवृत्त विज्ञान शिक्षक, लिहून देतो की मीटरपुढे पाण्याची बाटली ठेवल्यानं विजेचं बिल कमी येतं, असा माझा प्रामाणिक विश्वास होता.'

युरानिसनं काचेपलीकडून वाचलं. "'होता' नको, सर. 'आहे' लिहा."

"का?"

"होता म्हटलं की साहेब विचारतात, विश्वास उडाला कधी? आणि उडाला तर बाटली का काढली नाही? पुन्हा लबाडीवर येतं."

सरांनी 'होता' खोडलं. 'आहे' लिहिलं. अक्षर मात्र बिघडलं नाही.

"आता मोठ्यानं वाचा. नियम आहे."

असा नियम आहे की नाही ते विचारण्याच्या परिस्थितीत सर नव्हते. त्यांनी वाचलं. एकतीस वर्षांच्या सवयीनं आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. लोक कौतुकानं बघत होते. एवढा शिकलेला माणूस आपल्या बाजूनं बोलतो, हे त्या कचेरीत पहिल्यांदाच घडत होतं.

युरानिसनं दाखला भरला, शिक्का शाईत दाबला आणि हात वर उचलला. तेवढ्यात मागून एक जाडजूड बाई बिलाचा कागद हलवत पुढे आली.

"सर, आमच्या मीटरवर छोटी बाटली आहे. तिनं काही फरक पडत नाही हो. एक लिटरची ठेवायची की दोन?"

नेमेसियो सर वळले. त्यांच्या तोंडात उत्तर तयार होतं. पूर्ण, सोदाहरण, तासभर पुरेल असं. त्यांनी तोंड उघडलंही. मग त्यांना युरानिसचा हात दिसला. शिक्का हवेतच थांबला होता आणि ती त्यांच्याकडे अत्यंत लक्षपूर्वक बघत होती.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते.

"दोन," सर म्हणाले.

"नळाचं पाणी चालेल ना?"

"चालेल."

शिक्का धप्पकन दाखल्यावर पडला. युरानिसनं शाईवर फुंकर घातली आणि दाखला काचेखालून पुढे सरकवला. सरांनी तो घेतला, तरी तिनं दुसरं टोक सोडलं नाही.

"आठवीच्या परीक्षेत 'वीज कशी वाचवाल' या प्रश्नाला मी बाटलीच लिहिली होती, सर," ती म्हणाली. "पण एक लिटरची. म्हणून शून्य दिलंत होय?"