खानोलकरांचा वन्स मोअर

प्रल्हाद खानोलकर नोकरीत एकदाच खोटं बोलले, आणि तेही लिफ्टमध्ये.

"आय लव्ह कंट्री म्युझिक, सर."

हे वाक्य त्यांनी मिस्टर डगना ऐकवलं. मिस्टर डग मूळचे अमेरिकेतल्या ओमाहाचे, आणि सध्या दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एसी डक्टच्या कारखान्याचे मुख्य. खानोलकरांना पुढच्या महिन्यात साठ पूर्ण होत होती आणि मुदतवाढीचं पत्र तीन आठवडे साहेबांच्या टेबलावर सहीविना पडून होतं. सही नाही तर व्हिसा नाही. व्हिसा नाही तर अल मनखूलचं घर खलास आणि लेकीचं, काव्याचं, कॉलेज अर्धवट. अशा वेळी माणूस लिफ्टमध्ये काहीही बोलतो.

मिस्टर डग खुलले. त्यांच्याच गावचा बँड रविवारी दुपारी दुबईत वाजवणार होता. "फॅमिलीला घेऊन ये," ते म्हणाले. बँड शेवटी वाजवतो ते 'रेड ट्रॅक्टर' हे त्यांच्या वडिलांचं लाडकं गाणं. म्हातारबुवांनी ब्याऐंशीव्या वर्षी, याच साली शेत विकलं होतं. ते गाणं त्यांना फोनवरून थेट ऐकवायचं, असं मिस्टर डगनी कबूल केलं होतं.

खानोलकर कच्च्या गुरूचे चेले नव्हते. आठ दिवसांत त्यांनी 'रेड ट्रॅक्टर' वहीत देवनागरीत उतरवून पाठ केलं.

"आहे काय त्या गाण्यात?" त्यांच्या पत्नी उर्मिलाबाईंनी विचारलं.

"बर्फात शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बंद पडतो."

"मग?"

"मग तो गातो."

"मेकॅनिकला बोलवायचं सोडून?"

"बाबा," काव्या म्हणाली, "जस्ट स्टँड देअर अँड क्लॅप. प्लीज."

"डोंबिवलीच्या नाट्यगृहात पहिल्या तीन रांगांत वाढलोय मी. दाद कशी द्यायची ते तू नको शिकवूस!"

रविवारी इस्त्रीचा झब्बा घालून, कानात अत्तराचा फाया ठेवून खानोलकर मैदानावर पोहोचले. आजूबाजूचे लोक बूट आपटत होते, शिट्ट्या मारत होते, एकमेकांच्या हॅटा उडवत होते. उर्मिलाबाईंच्या पर्समधल्या शंकरपाळ्या गेटवरच जप्त झाल्या होत्या आणि आत पाण्याची बाटली पंधरा दिरहमला होती. "साडेतीनशे रुपये!" त्या म्हणाल्या, आणि तहान लागली नसल्याचं त्यांनी जाहीर केलं.

कमरेपर्यंत दाढी असलेल्या गायकानं पहिलं गाणं म्हटलं. लोक ओरडले. दुसरं संपलं आणि खानोलकरांच्या आतला रसिक जागा झाला. त्यांनी उजवा हात वर केला आणि नाट्यगृहाची बाल्कनी हलेल अशा आवाजात पुकारलं, "वन्स मोअर!"

गायक थबकला. शेवटी आणखी एखादं गाणं मागणारे त्यानं पुष्कळ पाहिले होते. आत्ताच संपलेलं गाणं पुन्हा मागणारा पहिलाच.

"सेम साँग?"

"सेम! मुखड्यापासून!"

ही इथली रीत असावी, असं समजून गायकानं ते पुन्हा म्हटलं. मिस्टर डगनी खानोलकरांच्या पाठीवर अशी थाप मारली की अत्तराचा फाया पडला. "प्रल्हाद, यू आर अ मशीन!"

झालं. साहेबच खूश म्हटल्यावर खानोलकरांना कोण आवरणार? मागून आणखी दोनचार मराठी गळ्यांनी साथ दिली, आणि पाचव्या गाण्यापर्यंत अख्खं मैदान बुटांच्या ठेक्यावर वन्स मोअर मागू लागलं. प्रत्येक गाणं दोनदा झालं. कुत्रा हरवल्याचं तीनदा.

"बाबा, स्टॉप," काव्या म्हणाली. "तिकिटावर टाइम लिहिलाय. मगरिबच्या अजानला शो क्लोज."

"अगं, कलाकाराला घड्याळ नसतं!"

कलाकाराला नव्हतं, परवान्याला होतं. सूर्य टेकला. मिस्टर डगनी ओमाहाला फोन लावून हात उंच धरला. गायक म्हणाला, "आणि आता, घरच्यांसाठी..." गिटारची एक तार वाजली, आणि ध्वनिक्षेपक बंद झाला. जवळच्या मशिदीतून अजान सुरू झाली. सगळं मैदान शांत उभं राहिलं. अजान संपली तेव्हा बँडवाले वायरी गुंडाळत होते.

मिस्टर डग पार्किंगपर्यंत चालत आले. फोन अजून चालूच होता, स्पीकरवर.

"डग? सुरू झालं का रे?" आतून म्हातारा आवाज विचारत होता.

साहेबांनी फोनवर तळहात ठेवला. त्यांनी खानोलकरांकडे पाहिलं, आणि त्या नजरेत सही न झालेलं पत्र स्पष्ट वाचता येत होतं.

"उतरवा आता झब्बा," उर्मिलाबाई पुटपुटल्या. "आणि सामान बांधायला घ्या."

पण खानोलकरांनी घसा खाकरला आणि साहेबांच्या हातातला फोन अलगद घेतला. "वन मिनिट, अंकल." दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहून, कानावर हात ठेवून, त्यांनी 'रेड ट्रॅक्टर' सुरू केलं. शब्द ओमाहाचे होते, चाल भीमपलासाकडे झुकत होती. ट्रॅक्टर बंद पडतो त्या ओळीवर त्यांनी अशी तान घेतली की शेजारच्या गाडीतल्या माणसानं काच खाली केली. काव्या गाडीच्या मागं जाऊन बसली.

गाणं संपलं. 

"हा कोण?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आमचा परचेस मॅनेजर, डॅड. पुढच्या महिन्यात रिटायर होतोय."

"रिटायर? चाळीस वर्षं ऐकतोय मी ते गाणं, इतकं वाईट कुणी गायलेलं नाही. नीट येईपर्यंत त्याला सोडू नकोस!"

मिस्टर डग पहिल्यांदा हसले. इतके, की हॅट पडली. "किती दिवस लागतील, प्रल्हाद?"

"दोन वर्षं, सर," खानोलकर क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "इन्शाल्ला."

"उद्याच सही करतो."

खानोलकरांनी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं. दुपारभर ओरडून त्यांचा घसा आता पुरता बसला होता. फोन परत द्यायला त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात आतून म्हातारा खणखणीत आवाजात ओरडला, "वन्स मोअर!"

उर्मिलाबाईंनी गाडीच्या बॉनेटवर ऐसपैस बसकण मारली.

"म्हणा," त्या म्हणाल्या. "मुखड्यापासून."