बोटीवरची दुसरी पंगत

तुम्हाला जेवताना कुणी 'आणखी एक पोळी घ्या' म्हटलं, तर तुम्ही पहिल्यांदा काय म्हणता? खरं सांगा. 'नको' म्हणता ना? पोटात कावळे ओरडत असले तरी 'नको'च म्हणता. मग वाढणारा दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारतो, आणि तुम्ही 'बरं, तुमचा आग्रहच आहे तर' असं म्हणून दोन पोळ्या घेता. मीही तशीच आहे.

आमच्या सासरी, आंजीला, तर या 'नको'चं एक शास्त्रच आहे. पानावर एक हात आडवा धरला, की वाढणाऱ्याने समजायचं, 'वाढा'. दोन हात धरले, की 'जरा कमी वाढा'. आणि माणूस पानावर पुरता ओणवा झाला, की 'आता जिलबी एकच घाला'. खरोखरीच्या 'नको'साठी आमच्याकडे खूणच नाही. त्याला पानावरून उठून जावं लागतं.

हे शास्त्र वर्धा जिल्ह्याच्या बाहेर चालत नाही, हे मला एकोणीसशे एकोणऐंशीच्या मे महिन्यात, भर समुद्रात कळलं.

त्या वर्षी यांना ऑफिसातून प्रवासाची सवलत मिळाली. (हे वर्ध्याला सरकारी कचेरीत कारकून होते. सवलत दर वर्षी मिळायची, पण यांचा अर्ज दर वर्षी यांच्याच टेबलाच्या खणात राहायचा.) कुठे जायचं यावर चार दिवस चर्चा झाली. पाचव्या दिवशी यांच्या ऑफिसातले बबनराव चहाला आले. ते आदल्या वर्षी मुंबईहून गोव्याला बोटीने जाऊन आले होते आणि तेव्हापासून दुसरं काही बोलत नव्हते.

"वहिनी, समुद्र सोडा. समुद्र काय, पाणीच आहे ते," बबनराव म्हणाले. "जेवण पाहा. टेबल, खुर्ची, टेबलावर पांढरा शुभ्र कपडा. तुम्ही फक्त बसायचं. कोट घातलेला माणूस येते आन् वाढते. गरम गरम."

"मी बसायचं?" मी विचारलं.

"मग काय तो बसेल?"

मी चहाची कपबशी हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझ्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत गरम भाकरी मी फक्त हाताने उलटली होती, खाल्ली नव्हती. आधी पाहुणे, मग सासरे, मग हे, मग आमची लीना, मग सासूबाई. माझं पान मांडायची वेळ येई तेव्हा वरण तळाला गेलेलं असे आणि चूल विझलेली असे. याबद्दल माझी काही तक्रार होती असं नाही. सगळ्याच घरांत तसं होतं. पण त्या दिवशी मनात आलं की मरण्याआधी एकदा, एकच वेळ, आपण बसावं, कुणीतरी वाढावं, आणि ते गरम असावं.

म्हणून मी एक छोटासा निर्णय घेतला. बोटीवर डबा न्यायचा नाही.

हे लगेच 'हो' म्हणाले. पण सासूबाई, भागीरथाबाई, पलंगावर उठून बसल्या.

"डबा नाई नेत? काऊन?"

"तिथे जेवण मिळतं, आत्याबाई. टेबलावर."

"परक्या मान्साच्या हातचं? कोन हाय, कुठचा हाय, हात धुते का नाई धुत, काई मालूम नाई. मी दशम्या करतो. तुले नाई खाच्या तं नको खाऊ." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आन् मंदे, त्या टेबलावर आपल्या लेकरावर उपाशी राह्यची पाळी आली ना, तं यापुढं या घरातून डब्याबिगर कोनी देवळात बी जानार नाई."

म्हणजे पैज लागली. सासूबाईंनी खरंच दुधातल्या दशम्या केल्या, तिळाची चटणी केली, पितळेच्या डब्यात भरली आणि आपल्या पिशवीत तळाला ठेवली. आता मी जे केलं ते तेव्हा कुणालाही कळू दिलं नाही. निघायच्या आधी त्या अंघोळीला गेल्या तेव्हा मी डबा काढला, दशम्या शेजारच्या शोभाबाईंना नेऊन दिल्या आणि डब्यात लीनाच्या रिबिनी, तेलाची बाटली आणि दोन कंगवे भरले. वजन साधारण तेवढंच लागलं.

मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून सकाळी दहाला बोट सुटली. सासूबाईंनी पहिल्यांदाच समुद्र पाहिला. बराच वेळ पाहिला.

"पुलगावच्या पुलाखाली पूर आलता तवा असंच दिसलतं," त्या म्हणाल्या. "पन तो उतरला."

दिवसभर मी कुणालाही काही खाऊ दिलं नाही. वडे तळल्याचा वास येत होता. लीना दोनदा म्हणाली, "आई, एकच वडा." मी म्हटलं, "संध्याकाळी टेबलावर जेवायचं आहे ना? पोटात जागा ठेव." तिने जागा ठेवली. आम्ही सगळ्यांनीच ठेवली.

दुपारी हे जेवणाची कुपनं आणायला गेले. बोटीवर जेवणाच्या दोन पंगती होत्या, पहिली सातला आणि दुसरी आठला. हे दुसरीची कुपनं घेऊन आले.

"दुसरी का?"

"पहिल्या पंगतीला आपण कसं बसायचं?" हे म्हणाले. "आपण काय व्याही आहोत बोटवाल्यांचे?"

हे बरोबर होतं. आमच्याकडे पहिली पंगत पाहुण्यांची. मलाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही.

आठ वाजता आम्ही जेवणाच्या हॉलमध्ये गेलो. मी ठेवणीतलं लुगडं नेसले होते. पांढरा कपडा खरंच होता. खुर्च्या होत्या. मी बसले. माझ्या शेजारी सासूबाई, समोर हे आणि लीना. टेबलाच्या टोकाला रत्नागिरीकडच्या सुलोचनाबाई म्हणून एक बाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहून मान हलवली आणि नॅपकिन मांडीवर पसरला. आम्हीही पसरला. सासूबाईंनी तो घडी करून पिशवीत ठेवला.

पांढऱ्या कोटातला वाढपी आला आणि प्रत्येकापुढे वाडग्यात टमाट्याचं सार ठेवून गेला. सार म्हणजे भाताबरोबर. आम्ही भाताची वाट पाहिली. शिवाय हॉलमध्ये सगळ्यांचं वाढून व्हायचं होतं, आणि सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय घास उचलायचा नसतो. थोड्या वेळाने वाढपी परत आला.

"झालं?" त्याने विचारलं.

"तुमचं सावकाश चालू द्या," हे म्हणाले. "आम्हाला घाई नाही."

तो वाडगे उचलून घेऊन गेला.

"आता भात घेऊन येते," सासूबाई म्हणाल्या.

तो पोळ्या घेऊन आला. गरम होत्या. वाफ मला दिसली. तो यांच्याजवळ थांबला.

"पोळी देऊ?"

यांनी हात आडवा धरला. "नको नको."

तो सासूबाईंकडे वळला. "राहू दे, बाबा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे. माझ्या आयुष्यातला तो क्षण समोर पांढरा कोट घालून उभा होता, आणि मी काय म्हटलं? "बस, बस." (अजून एक घासही खाल्ला नव्हता.)

लीनाने तोंड उघडलं. "मला..."

यांनी तिच्याकडे पाहिलं. "पहिल्यांदा काय म्हणायचं असतं?"

"नको," लीना म्हणाली.

वाढपी पुढे गेला. सुलोचनाबाईंनी तीन पोळ्या घेतल्या, एकदाही 'नको' न म्हणता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो परत येईल याची आम्हाला खात्री होती. तो भाजी घेऊन आला, आम्ही 'नको' म्हटलं. भात घेऊन आला, आम्ही 'नको' म्हटलं. प्रत्येक वेळी त्याने विश्वास ठेवला. इतका भोळा माणूस मी पाहिला नव्हता.

शेवटी सुलोचनाबाईंनाच राहवलं नाही. "तुमचा सगळ्यांचा उपवास आहे का हो आज?"

सासूबाईंनी मान ताठ केली. आंजीचा माणूस परक्या टेबलावर भुकेला बसला आहे, हे कबूल करायचं कसं? "हो," त्या म्हणाल्या. "नवस हाय."

सुलोचनाबाई चांगल्या मनाच्या होत्या. त्यांनी वाढप्याला खूण केली. तो केळी घेऊन आला.

"केळं चालेल ना?"

"नको, नको," आम्ही तिघं एका सुरात म्हणालो.

लीना रडायला लागली.

सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "उगी. माह्या डब्यात दशम्या हायेत." यांचा चेहरा उजळला. पिशवी मांडीवर आली, डबा बाहेर आला, झाकण निघालं. सासूबाईंनी आतून एक लाल रिबीन बाहेर काढली. ती बरीच लांब होती.

"दशम्या शोभाबाईंकडे आहेत," मी म्हटलं.

"कोन्या शोभाबाईकडं?"

"आपल्या शेजारच्या."

"वर्ध्याले?"

"हो."

सासूबाईंनी रिबिनीची नीट गुंडाळी केली, डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. त्या मला रागावल्या असत्या तर मी खुर्चीत बसून राहू शकले असते.

मी उठले आणि थेट स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेले. आत आचारी होता, पोळ्यांची परात होती, भाजीचं पातेलं होतं.

"काय हवंय, बाई?"

"काही नको," मी म्हटलं. (सवय.) मला खरंच मागता येईना. आपल्यासाठी अन्न मागायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मला दुसरंच काहीतरी येत होतं. मी पदर खोचला आणि म्हटलं, "तुमच्याकडे वाढायला एकच माणूस दिसतो. द्या ती परात इकडे."

आचारी इतका चकित झाला की त्याने दिली. वाढपी पातेलं घेऊन माझ्यामागे आला.

आता पंगतीत आपल्या माणसांपासून वाढायला सुरुवात करत नाहीत. बरं दिसत नाही ते. म्हणून मी हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. आणि वाढायचंच तर ते नुसतं 'देऊ?' विचारून नाही. "घ्या हो, एवढीशीच तर आहे." "असं कसं, मी काय रोज वाढायला येणार आहे?" "अहो, पोराचं पान रिकामं आणि तुम्ही नको म्हणता?" लोक आधी गोंधळले, मग हसले, मग घेऊ लागले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दोन हात आडवे धरले, मी त्यांना दोन पोळ्या वाढल्या. ते म्हणाले, "कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, "वर्ध्याच्या." ते म्हणाले, "तरीच." मधुचंद्राला चाललेलं एक नवं जोडपं होतं, त्यांना मी उठूच दिलं नाही. वाढपी मागून म्हणाला, "बाई, ते पहिल्या पंगतीचे. जेवून पाऊण तास झाला." मी म्हटलं, "मग भूक लागली असेल."

आमच्या टेबलापाशी पोहोचले तेव्हा परातीत तीन पोळ्या होत्या आणि पातेल्यात तीन डाव भाजी. मी लीनाला वाढली, सासूबाईंना वाढली. यांना वाढायला गेले, तर यांनी हात आडवा धरला. मी तो उचलून बाजूला ठेवला.

खिडकीकडे पाहिलं तर आचाऱ्याने रिकामं भांडं उलटं करून दाखवलं. "संपलं, बाई. रोज उरतं. आज तुम्ही संपवलंत."

मी खुर्चीत बसले. पांढऱ्या कपड्यावर माझं ताट तेवढं स्वच्छ होतं.

सासूबाई मान खाली घालून जेवत होत्या. अर्धी पोळी झाल्यावर थांबल्या. उरलेली अर्धी त्यांनी माझ्या ताटात ठेवली, शेजारी भाजी वाढली.

"नको, आत्याबाई."

"घे."

"नको, तुम्हालाच..."

"घे म्हनलं ना."

मी थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "घे, मंदे. तू काई खाल्लं नाई."

पोळी गार झाली होती. पण मी बसलेली होते, आणि माझ्या पानात कुणीतरी वाढलं होतं. सासूबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती बोट अजून चालते की नाही, मला ठाऊक नाही. तशी अर्धी पोळी मात्र पुन्हा कधी खाल्ली नाही. हात धुताना त्या एवढंच म्हणाल्या, "शोभाबाईले दशम्या आवडल्या असतील." आणि यापुढे डब्याबिगर कुणी देवळातही जाणार नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं. मी 'हो' म्हटलं, पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता वाढपी आमच्या जागेवर येऊन 'लोक तुमची वाट बघतायत' म्हणाला, आणि पणजीचा किनारा दिसेपर्यंत मी पदर खोचून दोन्ही पंगतींना उपमा वाढला.