टीव्हीमागची डबी आणि महादेवरावांची कंबर

व्याही भगवंतराव तेलाची बाटली घेऊन अमरावतीला दारात हजर झाले, तेव्हा महादेवराव दिवाणावर मांडी घालून मजेत भजी खात होते. फाटक वाजल्याबरोबर त्यांनी बशी उशीमागे सारली, आडवे झाले आणि "माय वंऽऽ" करून कण्हायला लागले. कण्हणं भागच होतं. मागच्या रविवारी अकोल्याला भगवंतरावांच्या नव्या घराची वास्तुशांती होती आणि कंबर धरली म्हणून महादेवराव गेले नव्हते. बायको, बिचाऱ्या मैनाबाई, एकट्या एसटीनं गेल्या. त्यांनी पाठ फिरवली न फिरवली तोच महादेवराव मित्र किसनरावांच्या मोटारसायकलवर बसून चांदूर रेल्वेकडच्या शेतात पसार! गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, वर तूप आणि वांग्याची झणझणीत भाजी. ते सोडून व्याह्याचे नळ आणि फरश्या कोण बघत बसणार?

पण व्याही साधा नव्हता. लेक चंदाच्या लग्नात टॉवेल-टोपीतली टोपी लहान निघाली, एवढ्यावरून या माणसानं सुनेला दोन वर्षं माहेरी धाडलं नव्हतं. आता कुठे संक्रांतीला ती नातवाला घेऊन यायची होती. थाप उघडी पडली, तर पोरीच्या माहेरपणावरच संक्रांत.

"पालथे व्हा इवाई," भगवंतराव बाह्या सारत म्हणाले. "मूर्तिजापूरच्या वैद्याचं तेल हाय. मी सोता चोळून देतो."

"तुमी काहून तरास घेता? हळूहळू होईन बरी."

"तरास कायचा? आपला माणूस दुखण्यात पडला अन् मी पाह्यत राहू?"

बूच उघडताच असा वास सुटला, की ओट्यावरचं कुत्रं उठून चालतं झालं. मैनाबाईंनी पाहुण्यांसाठी बातम्या थांबवल्या आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. इथेच घोळ झाला.

त्या टीव्हीमागे साबणाच्या डबीएवढा एक कॉम्प्युटर होता. मुलगा किशोर पुण्याहून आला तेव्हा बसवून गेला होता, आणि जाता जाता अकोल्याला बहिणीकडेही एक बसवला होता. सिनेमे, भजनं, बातम्या, सगळं त्यातूनच. घरच्यांच्या फोनमधले फोटोसुद्धा आपोआप त्यात जात आणि टीव्ही नुसता पडून राहिला, की जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीनं दिसायला लागत. तसे ते आता दिसायला लागले. झबल्यातली चंदा, शाळेतली चंदा.

"वा! कशी ठेंगणी होती आमची सूनबाई!" भगवंतरावांनी तेलाचा हात दाबला.

महादेवरावांना मात्र रविवार आठवला. रोडग्यांचा एक फोटो किसनरावांनी हौसेनं पाठवला होता. बनियनवर असलेले महादेवराव भाजीचं भलंमोठं पातेलं, अख्खा गंज, एकट्यानं उचलून नेताहेत! त्यांनी तो फोनमधून तेव्हाच पुसला होता. पण किशोरचं वाक्य त्यांना आता आठवलं, "फोनातला पुसला तरी डबीत राह्यते, बाबा."

म्हणजे तो येणार होता. उठून डबीची वायर उपटावी, तर कंबर धरलेली!

"अवं, तो टीव्ही बंद कर!" ते ओरडले.

"राहू द्या हो," भगवंतराव म्हणाले. "भल्ले मस्त फोटो हायेत."

चंदाचं लग्न आलं. लहान टोपी डोक्यावर कशीबशी टेकवलेले भगवंतराव पडदाभर पसरले. मागून मणक्यात अंगठा असा रुतला, की महादेवराव खरोखरच किंचाळले.

"झोंबते?"

"झोंबते नं बापा!"

"झोंबलं म्हणजे लागू पडलं."

नातवाचं बारसं गेलं, दिवाळी गेली. मग मैनाबाईंनी काढलेले वास्तुशांतीचे फोटो सुरू झाले. होम, कलश, नवे नळ, फरश्या. तोच रविवार! आता पुढचा फोटो...

महादेवरावांनी उडी मारली. दोन ढांगांत टीव्ही गाठून त्यांनी वायर उपटली आणि वळून पाहिलं, तर दारात चहाचा ट्रे घेऊन मैनाबाई आणि दिवाणाशी तेलकट हातांचे भगवंतराव, दोघंही टक लावून पाहत होते. आता मेलो, असं महादेवरावांना वाटलं.

"पाह्यलं इहीणबाई?" भगवंतराव म्हणाले. "उठले! याले म्हन्ते तेल!"

त्यांनी चहा घेतला, रोज दोन वेळा चोळा म्हणून बजावलं आणि बाटली ठेवून ते गेले. महादेवराव गंगेत न्हाल्यासारखे मोकळे झाले. उशीमागची भजी त्यांनी पुन्हा पुढ्यात ओढली. तेवढ्यात सासऱ्यांची चौकशी करायला चंदाचा फोन आला.

"बाबा, मामाजी पोचले का तथी?"

"आले अन् गेले. लय खूश होते."

"होतीनच! तुमचे फोटो आमच्याबी टीव्हीवर येतेत नं. रविवारी सांजेले सारे पाहुणे जेवून राह्यले होते, अन् तुमी गंज घेऊन आले!"

महादेवरावांचं भजं हातातच राहिलं. "मंग... इवाई काय म्हणे?"

"दोन दिवस बोललेच नाही. मंग आज एकदम हसले अन् म्हणाले, सर्वांत झोंबरं तेल घेऊन येतो. आमाले पाठवतेत संक्रांतीले. पण एक अट हाय. पुढच्या रोडग्याले त्याईले बलवायचं."

"बलवतो, पोरी! पह्यला रोडगा त्याईचा!" महादेवरावांचे डोळे भरून आले. फोन ठेवून ते मैनाबाईंकडे वळले. "तुले माहीत होतं?"

"सदऱ्याले गवऱ्याचा वास येत होता, तवाच समजलं," मैनाबाई कप उचलत म्हणाल्या. "मी वाटच पाह्यत होती, कवा सांगता म्हणून. लावा आता तो टीव्ही."

महादेवराव गुमान वायर खोचायला वाकले. वायर बसली, पण कंबरेत कट् झालं आणि ते तिथेच अडकले.

"अवं... ते तेल आण!"

"पुरे झालं! पाहुणे गेले आता," मैनाबाई आतूनच म्हणाल्या.

टीव्ही सुरू झाला आणि फोटो थांबले होते तिथूनच पुढे सरकले. गंज उचलून हसणारे महादेवराव पडद्यावर आले, आणि त्यांच्यासमोर वाकलेले महादेवराव देवाची शप्पथ घेऊन सांगत राहिले, की कंबर खरंच धरली आहे.